बगदादच्या नाक्यावरची कांडी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या गावात विहीर खणायची म्हटली, की आधी पाणाड्याला बोलावणं जाई. तळहातावर आडवा नारळ धरून तो शेतभर फिरायचा आणि एका जागी नारळ उभा राहायचा. एकदा आमच्या आजोबांनी त्याला डोळे बांधून पुन्हा फिरायला लावलं. नारळ भलत्याच जागी उभा राहिला! तरीही विहीर पहिल्याच जागी खणली गेली. का? तर दक्षिणा देऊन झाली होती.

पाणाड्या लबाड होता, असं मला आजही वाटत नाही. मनाची अपेक्षा असते तिकडे हात नकळत कलतो. प्लँचेटची वाटी सरकते तीही अशीच. पाणाड्या चुकला तर शेतकऱ्याचा पैसा बुडे. पण हाच नारळ एखाद्या युद्धग्रस्त शहराच्या वेशीवर उभा केला तर?

२००३ नंतरच्या इराकमध्ये मोटारीत स्फोटकं भरून उडवण्याचे प्रकार सतत घडत होते. प्रत्येक गाडीची कसून झडती घ्यायची, तर बगदाद शहर ठप्प झालं असतं. अशा वेळी ब्रिटनहून एक उपकरण आलं, एडीई ६५१. पिस्तुलासारखी प्लॅस्टिकची मूठ आणि तिला जोडलेली, सैलपणे फिरणारी अँटेना. बॅटरी नाही. माणसाच्या अंगातल्या स्थिर विजेवर ते चालतं म्हणे! शिपायानं ते धरून चालायचं. अँटेना गाडीकडे वळली, की आत स्फोटकं आहेत असं समजायचं.

ते विकणारा जेम्स मॅकॉर्मिक हा एके काळचा पोलीस. या उपकरणाचं मूळ होतं हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या, वीसेक डॉलरच्या एका अमेरिकी खेळण्यात. इराकनं मात्र त्यावर सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्च केले.

२५ ऑक्टोबर २००९ रोजी बगदादमध्ये सरकारी कार्यालयांपाशी स्फोट झाले आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'चा प्रतिनिधी इराकच्या स्फोटकविरोधी विभागाचे प्रमुख जनरल जिहाद अल जाबिरी यांना भेटला. जनरलसाहेबांनी आपल्या कार्यालयात हातबॉम्ब आणि एक बंदूक समोरच ठेवली आणि उपकरण त्याच्या हाती दिलं. दोनदा प्रयत्न करूनही अँटेना वळली नाही. पोलीस शिपायाच्या हातात मात्र ती दर वेळी वळली. निष्कर्ष काय? तर पत्रकाराला प्रशिक्षण कमी पडलं! शस्त्रं कुठं आहेत, हे शिपायाला डोळ्यांनी दिसत होतं, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

खरी परीक्षा अगदी सोपी होती. थायलंडमध्ये अशाच जीटी २०० नावाच्या उपकरणाची ती २०१० मध्ये घेतली गेली. चार खोक्यांपैकी एकात स्फोटक लपवलं आणि कशात ते वापरणाऱ्याला सांगितलं नाही. वीस प्रयत्नांत चार उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून बोट ठेवलं असतं, तरी सरासरीनं पाच आली असती.

त्याच वर्षी जानेवारीत बीबीसीनं एडीई ६५१ चं 'स्फोटक ओळखणारं' कार्ड केंब्रिजच्या तज्ज्ञांकडून उघडून घेतलं. आत निघाली दुकानातल्या कपड्यांना चोरी टाळण्यासाठी लावतात तशी पट्टी! ब्रिटननं इराक आणि अफगाणिस्तानला निर्यात बंद केली. एप्रिल २०१३ मध्ये मॅकॉर्मिक दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. जाबिरीही भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण विक्रेता गजाआड गेल्यावरही बगदादच्या नाक्यांवर शिपाई तीच कांडी घेऊन उभे होते. ३ जुलै २०१६ रोजी करादा भागातल्या बाजारात स्फोट झाला. ईदच्या खरेदीला आलेली तीनशेहून अधिक माणसं मेली. त्यानंतर पंतप्रधान हैदर अल अबादी यांनी ती उपकरणं काढून घेण्याचा आदेश दिला.

तीन वर्षं कशाची वाट पाहिली? मला वाटतं, उत्तर आमच्या विहिरीतच आहे. उपकरण खाली ठेवायचं म्हणजे, 'आम्ही फसलो, आणि मधल्या काळात माणसं मेली,' हे कबूल करायचं. हे कबूल करणारा वरिष्ठ मिळाला नाही. बिचारा शिपाई कोणाला विचारणार?

विकणाऱ्याचा न्याय न्यायालय करतं. पण सरकारी पैशानं घेतलेल्या वस्तूची पारख कोणी केली, कशी केली आणि निकाल कुठं नोंदवला, हे आपण विचारायला हवं. नवं यंत्र आलं की नारळ फोडण्याआधी एकदा डोळे बांधून बघावं. आणि उत्तर चुकलं, तर दक्षिणा बुडाली तरी चालेल, विहीर तिथं खणू नये.