चप्पल आपली, शिक्का मिलानचा

मंडळी, मागच्या वर्षी जूनमध्ये इटलीच्या मिलान शहरात प्राडा कंपनीचा फॅशन शो झाला. पोरांच्या पायात जी चप्पल होती ती बघून आपल्याकडचं शेंबडं पोरगंही म्हणालं असतं, "ही तर कोल्हापुरी!" पण कंपनीनं नाव दिलं होतं नुसतं 'चामडी सँडल'. आरडाओरडा झाला, तेव्हा महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून कंपनीनं मूळ मान्य केलं.

पण कोल्हापुरीचं मूळ एकट्या कोल्हापुरात आहे का? आपल्या हायवेनं उमरग्याच्या पुढं गेलं की बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथं बिज्जल राजाच्या दरबारी महात्मा बसवण्णा होते. त्यांच्या शरणांत कातडं कमावणारे कक्कय्या होते, चप्पल शिवणारे हरळय्या होते. आख्यायिका अशी, की हरळय्या आणि त्यांच्या पत्नीनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पादत्राणं करून बसवण्णांना दिली, अन् बसवण्णांनी ती पायात न घालता डोक्यावर घेतली. पुढं हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी झालं, म्हणून राजानं दोन्ही बापांना ठार मारलं. चप्पल करणाऱ्याला मान देण्याची किंमत या मातीनं तेव्हा रक्तानं मोजली. आजही ढोर समाज कक्कय्यांचं नाव अभिमानानं लावतो.

नंतर शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला अन् कोल्हापूरचं नाव चपलेला कायमचं चिकटलं. काम मात्र अथणी, निपाणीपासून गावोगाव चालतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कातडं कमवायचं, तळ कापायचा, खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिवायचा. वेणी घालायचं नाजूक काम बहुतेक घरातल्या बायकाच करतात. त्यांचं नाव कुठल्याच डब्यावर नसतं.

2019 ला कोल्हापुरीला जीआय मिळाल्याचं जाहीर झालं. जिल्हे आठ : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. प्राडाविरुद्धची जनहित याचिका जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली. मुद्दा हाच, की दावा करायचा तर नोंदणीच्या मालकानं करावा, तिसऱ्यानं नाही.

डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांशी प्राडानं करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात 2000 जोड करायचे, जोडाची किंमत सुमारे 800 युरो. म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर! बाजारात हजार-दीड हजाराला घासाघीस करणारे आपणच, हेही विसरू नका.

कराराला माझा विरोध नाही. माल इथं बनणार, कारागिरांना प्रशिक्षण मिळणार, चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की त्या ऐंशी हजारातले वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात किती पडणार? हा आकडा महामंडळांनी लोकांसमोर मांडावा.

आता आपलं बघा. सोलापूर यादीत आहे, धाराशिव नाही. पण तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला आणि कुंथलगिरीच्या खव्याला जीआय मिळालाय. उद्या कवड्यांची माळ कुठल्या परदेशी दागिन्यांच्या शोरूममध्ये दिसली तर नवल वाटायला नको. नुसता जीआय मिळून भागत नाही. प्रत्येक कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. माळा ओवणाऱ्या, खवा आटवणाऱ्या आपल्या किती जणांची ती झालीय? ज्यांची झाली नाही त्यांनी आत्ताच करून घ्या. ओळखीत कुणी असेल तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. मिलानला ओरडून सांगण्याआधी आपल्या कागदावर आपलं नाव असू द्या.