डोके दुखते, मग लघवी कशाला तपासायची?

गरोदर बाईचे डोके दुखले की घरात सहज म्हटले जाते, "या दिवसांत असं व्हायचंच. जरा पडून राहा." बहुतेक वेळा ते खरेही असते. अपुरी झोप, उपास, ताण किंवा आधीपासूनची अर्धशिशी ही नेहमीची कारणे. पण काही थोड्या बायकांमध्ये डोकेदुखीपाठोपाठ झटके येतात आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. ही धोक्याची डोकेदुखी ओळखायची कशी?

बाळंतपणातले झटके वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. त्यांचे 'एक्लॅम्प्सिया' हे नाव लखकन चमकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. वीज पडावी तसे ते अचानक येतात, अशी समजूत होती. विजेची आगाऊ सूचना कोण देणार?

ती सूचना सापडली लघवीत. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये दाखवून दिले, की अंगावर सूज असलेल्या काही रोग्यांची लघवी तापवली की गोठते, आणि त्यांची मूत्रपिंडे बिघडलेली असतात. गोठणारा पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन. पुढे त्याच हॉस्पिटलातील जॉन लीव्हर यांना झटके येणाऱ्या बायका ब्राइट यांच्या रोग्यांसारख्याच दिसल्या. त्यांनी लघवी तापवून पाहिली आणि अल्ब्युमिन सापडले.

लीव्हर इथे थांबले नाहीत, हे आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. प्रसूत होत असलेल्या पन्नासांहून अधिक बायकांची लघवी त्यांनी तपासली. ज्यांना झटके आले किंवा झटक्यांची पूर्वचिन्हे दिसत होती, त्या सोडून कोणाच्याही लघवीत अल्ब्युमिन नव्हते. तुलना केली म्हणूनच निष्कर्षाला वजन आले. हे १८४३ साली घडले.

दुसरी सूचना मिळायला यंत्राची वाट पाहावी लागली. इटलीत रिव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण तयार केले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांना झटके येणाऱ्या बायकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. झटक्यांच्या आधीही तो चढतो, हे हळूहळू ध्यानात आले. वीज अचानक पडत नव्हती. ढग आधी जमत होते.

मग तपासणी झटक्यांनंतर कशाला, आधीच का नको? ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९२९ मध्ये गरोदर बायकांच्या नियमित तपासणीचे वेळापत्रकच सुचवले. आपल्या उपकेंद्रात नर्सबाई दर खेपेस दंडाला पट्टा बांधतात आणि लघवी तपासतात, त्यामागे हा इतिहास आहे.

उपचारही सापडला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांतील १,६८७ बायकांच्या चाचणीत, पुन्हा झटके येऊ न देण्यात मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध इतर दोन औषधांपेक्षा सरस ठरले.

आज विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर डॉक्टर सावध होतात. लघवीत प्रथिन नसले तरी धोका असू शकतो, हेही आता कळले आहे. म्हणून नव्याने सुरू झालेली जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही हाच नियम. रक्तदाब ठीक निघाला, तरी अशा डोकेदुखीची इतर कारणे डॉक्टरांनी शोधायला हवीत.

वर्गात एक प्रयोग करता येईल. अंड्यातला थोडा पांढरा बलक पाण्यात ढवळून, गाळून परीक्षानळीत तापवा. पाणी पांढुरके होईल. लीव्हर यांना दिसले ते असेच काहीतरी होते.