वऱ्हाडचे ऊन कुठे कुठे गेले?

आज आम्ही उन्हाविषयी बोलणार आहोत. वऱ्हाडातल्या बायांना उन्हाविषयी काय सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. अकोल्याचा मे महिना आपण सगळ्यांनीच सोसला आहे. पण अंगाला चटके देणारे ऊन हा आजचा विषय नाही. कपाशीच्या, तुरीच्या, ज्वारीच्या पानात जे ऊन शिरते आणि तिथेच मुक्काम करते, त्याची ही गोष्ट आहे. ते ऊन पानात काय करते हे माणसाला कसे कळले, आणि आपल्या वावरात साठलेले ऊन गेल्या दीडशे वर्षांत कुठे कुठे गेले, हे दोन्ही इतिहास आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

सुरुवात चुलीपासून करू. पऱ्हाटीचा मोठा भारा आपण चुलीत घालतो. स्वयंपाक होतो आणि खाली राख उरते ती ओंजळभर. बाकीचा भारा गेला कुठे? तो हवेत गेला, कारण तो आला होता तोही बहुतेक हवेतूनच. सुकवलेल्या झाडाचे वजन 100 किलो धरले, तर त्यातले साधारण 95 किलो हवा आणि पाणी यांपासून बनलेले असते. जमिनीतून आलेला वाटा फार थोडा. त्यातले नत्र धुराबरोबर निघून जाते आणि उरलेले क्षार राखेत सापडतात.

चूल पेटवणाऱ्या बाईच्या रोज डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट विद्वानांच्या लक्षात यायला फार वेळ लागला. झाड माती खाऊन वाढते, असेच शेकडो वर्षे मानले जात होते. आजच्या बेल्जियममधल्या व्हान हेल्माँट नावाच्या वैद्याने ते तपासून पाहिले. त्याने कुंडीत 200 पौंड कोरडी माती मोजून घातली, त्यात 5 पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी दिले. झाड झाले 169 पौंडांचे, आणि माती कमी झाली होती केवळ दोन औंस, म्हणजे मूठभर. त्याचा हा प्रयोग 1648 मध्ये, तो वारल्यानंतर, छापला गेला. तेव्हा आपले वऱ्हाड मोगलांचा सुभा होते आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे त्याचे मुख्य ठाणे होते. हेल्माँटने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनते. अर्धे उत्तर बरोबर होते. हवेकडे त्याचे लक्ष गेले नाही.

हवेचे उत्तर दिले पुदिन्याने. 1771 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या जोसेफ प्रीस्टली याने बंद भांड्यात मेणबत्ती जळू दिली. ती विझल्यावर त्याच हवेत पुदिन्याची एक काडी ठेवली. दहा दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. जळण्याने खराब झालेली हवा पुदिन्याने सुधारली होती. पुढे 1779 मध्ये यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने दाखवले की हे काम झाडाचा फक्त हिरवा भाग करतो, आणि तेही फक्त उजेडात. अंधारात झाडही आपल्यासारखीच हवा खराब करते. नंतर जिनिव्हाच्या सेनेबिए आणि सोस्यूर यांनी हिशेब पुरा केला: पान हवेतला कर्बवायू घेते, त्यात पाणी मिसळते, आणि प्राणवायू बाहेर सोडते. 1845 मध्ये युलियस मायर या जर्मन डॉक्टरने नेमके शब्द वापरले. झाड उजेडाची शक्ती रासायनिक शक्तीच्या रूपात साठवून ठेवते, असे त्याने सांगितले.

आता आपल्याकडे या. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. आपला कापूस त्याआधीही दूर जात होता. अमरावतीहून बैलांच्या पाठीवर लादून तो पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. मग 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस अडकला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. पाठोपाठ खामगावला आणि अमरावतीला फाटे निघाले. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणत. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी आपली शकुंतला धावू लागली, तीही मुख्यतः कापसासाठीच.

गंमत अशी, की ज्या वर्षांत आपला कापूस सोन्याच्या भावाने जात होता, त्याच वर्षांत जर्मनीत युलियस झाक्स हा शास्त्रज्ञ पानावर आयोडीन टाकून पाहत होता. उजेडात ठेवलेले पान निळे-काळे पडे, झाकून ठेवलेले पान पडत नसे. निळा रंग म्हणजे पिठूळ पदार्थ, आपण स्टार्च म्हणतो तो. उजेडात पान अन्न बनवते, हे डोळ्यांना दिसले.

मग कापूस म्हणजे काय? एका क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. रुई ही जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. तिच्यात हवेतला कर्ब आणि पाण्याचे घटक आहेत, आणि त्यांना बांधून ठेवणारी उन्हाची शक्ती आहे. मातीचा अंश नावालाच. जमिनीचे नत्र, स्फुरद सापडते ते सरकीत. म्हणजे गाठीत बांधून मँचेस्टरला गेली ती वऱ्हाडची हवा आणि वऱ्हाडचे ऊन. सरकी गावात राहिली, ढेप होऊन गाईम्हशींच्या पोटात गेली, आणि शेणातून पुन्हा वावरात आली, तर जमिनीचे फारसे बिघडत नाही. सरकीही बाहेर गेली, तर मात्र जमीनच थोडी थोडी विकली जाते. हा फरक बाजारभावाच्या पाटीवर कधी लिहिलेला नसतो.

पण रुई खाता येत नाही. 1896-97 मध्ये आणि पुन्हा 1899-1900 मध्ये पाऊस हुकला आणि वऱ्हाडात दुष्काळ पडला. दुसरा तर फारच भयंकर होता. कापसाच्या पैशाने धान्य विकत घेता येईल, हा भरवसा त्या वर्षी ज्यांच्या हाती पैसा नव्हता त्यांच्या कामी आला नाही. मजुरी करणाऱ्यांचे आणि लहान कास्तकारांचे हाल झाले. या दुष्काळात ऊन कमी नव्हते. उजेडाची टंचाई वऱ्हाडाला कधीच नव्हती. पानाच्या पाठीवर बारीक छिद्रे असतात, त्यांतून कर्बवायू आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. जमीन कोरडी पडली की पाणी वाचवायला पान ही दारे लावून घेते. दारे लागली की कर्बवायूही आत येत नाही. वर सूर्य तळपत असतो आणि पान उपाशी असते.

पानाच्या आत नेमके काय चालते, हे कळायला विसावे शतक उजाडले. आपल्या देशात जगदीशचंद्र बसू यांनी पाण्यातल्या वनस्पतीचे बुडबुडे मोजत यावर काम केले आणि 1924 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आज जे ठाऊक आहे ते थोडक्यात असे. पानातल्या हिरव्या कणांवर ऊन पडते. त्या शक्तीने पाणी फुटते. त्यातून जो प्राणवायू सुटतो, तोच आपण श्वासात घेतो. सुटलेली शक्ती एटीपी नावाच्या छोट्या रेणूंत भरली जाते, जशी मोबाइलच्या बॅटरीत वीज भरावी तशी. मग ही भरलेली शक्ती वापरून पान हवेतल्या कर्बवायूची साखर करते. या दुसऱ्या कामाला ऊन थेट लागत नाही, पण उन्हाने भरून दिलेली शक्ती लागते. साखरेची ही वाट अमेरिकेत मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवाळावर प्रयोग करून शोधली. त्यासाठी कॅल्विन यांना 1961 चे नोबेल मिळाले.

आणि इथे आपल्या ज्वारीचा प्रवेश होतो. कॅल्विन यांना जी वाट सापडली, ती कपाशीत, तुरीत, सोयाबीनमध्ये, गव्हात आहे. तिच्यात एक खोट आहे. फार उकडले की कर्बवायू धरणारा पदार्थ चुकून प्राणवायूच धरतो, आणि केलेल्या कामातले बरेच वाया जाते. उसात मात्र निराळी रीत आहे, हे 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी मांडले. तीच रीत मक्यात आहे आणि ज्वारीतही. ज्वारीच्या पानात दोन खोल्या समजा. ओसरीवरच्या पेशी हवेतला कर्ब पकडतात आणि माजघरातल्या पेशींना नेऊन देतात. माजघरात कर्ब दाटून भरलेला असतो, म्हणून तिथे चूक होत नाही. दारे अर्धवट लावूनही काम चालते. त्यामुळे तेवढाच वाळलेला पाला-धांडा तयार करायला ज्वारीला कपाशी-तुरीच्या साधारण निम्मे पाणी पुरते. आपल्या आज्यांनी हे शास्त्र वाचले नव्हते. ज्वारी तापलेल्या, अर्ध्या ओल्या वावरातही उभी राहते, एवढे त्यांनी पाहिले होते, आणि त्या भरवशावर पिढ्या जगल्या.

त्याच दशकात आपल्या वावरात बदल होत होते. 1964 मध्ये ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-1 आला, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द घराघरात पोहोचला. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री होऊन गेले होते. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यात उभे राहिले. 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली, तिची चव जुन्या बाया अजून सांगतात. नंतर सोयाबीन आले, 2002 नंतर बीटी कपाशी आली, आणि ज्वारी धुऱ्याकडे सरकत सरकत बहुतेक वावरांतून निघूनच गेली. कारणे खरी आहेत. सोयाबीन लवकर निघते, रोकड देते. ज्वारीला पाखरे लागतात, रानडुकरे नासाडी करतात, काढणीला माणसे मिळत नाहीत, भाव नाही. ज्यांनी ती सोडली त्यांना आम्ही दोष देत नाही.

पण उन्हाचा हिशेब मांडून पाहिला, तर काय गेले ते कळते. ज्वारी आपले ऊन तीन ठिकाणी ठेवून जात असे: दाण्यात माणसासाठी, कडब्यात बैलासाठी, आणि बैलाच्या शेणातून जमिनीसाठी. ती गेली तसा कडबा गेला, कडब्याविना दावणीची जनावरे कमी झाली, आणि शेणखत विकत घ्यायची वेळ आली.

दुसरा हिशेब दिवसांचा आहे. पिकाने किती ऊन साठवले, हे वावर किती दिवस हिरवे राहिले यावर फार अवलंबून असते. जुन्या पद्धतीत कपाशीच्या ओळींत तुरीचे तास असत, मूग-उडीद असत. मूग पोळ्याच्या सुमारास निघे, तूर पौषापर्यंत उभी राही. एक पान खाली, एक वर, एक आधी, एक मागून. मृगापासून संक्रांतीपर्यंत वावर ऊन गोळा करत राही. नुसते सोयाबीन पेरले तर ते शंभर-एक दिवसांत निघते. पाण्याची सोय असली तर हरभरा होतो, नसली तर हिवाळ्याचे सगळे लख्ख ऊन उघड्या काळ्या जमिनीवर पडते आणि फुकट जाते. सोयाबीनमध्ये तुरीचे तास घालणारे कास्तकार ते थोडेफार वाचवतात.

चांगले पीकही वर्षभरात पडलेल्या उन्हातले शंभरातले एखादेच साठवते. त्या एका भागावर आपले घर, जनावरे, चूल आणि बाजार सगळे चालते. म्हणून तो भाग कुठे जातो, हे विचारायचा हक्क आपला आहे. वेचणी आपण करतो, निंदण आपण करतो, पऱ्हाटी उपटून भारे आपण बांधतो. गोळा झालेले ऊन पहिल्यांदा आपल्याच हाताला लागते. पेरा ठरवताना मात्र आपल्याला बहुतेक घरांत विचारत नाहीत.

यंदा मृगाआधी घरात पेऱ्याचे बोलणे निघेल, तेव्हा आपणही जवळ बसू. आम्ही तीन प्रश्न ठरवले आहेत. यातले किती घरात खायला राहील? जनावराला आणि जमिनीला काय परत जाईल? आणि दसऱ्यानंतर वावरात हिरवे काय उभे असेल? दोन-चार तास ज्वारीचे, चार तास तुरीचे, एवढे जरी मान्य झाले तरी तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेल. घरी काय उत्तरे मिळाली, तुम्ही काय पेरले आणि का, ते आम्हाला जरूर कळवा. पेरणी आटोपली की त्यावरच बोलू.