द्विकार्य, भाषिक
वाचणे, ऐकणे, बोलणे वा लिहिणे यांपैकी एखादा भाषाव्यवहार दुसऱ्या कामाच्या जोडीने चालला असता दोहोंचा निभाव कितपत लागेल, हे माहिती कोणत्या इंद्रियावाटे येते आणि प्रतिसाद वाणीने द्यावयाचा की हाताने, यांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. कामांची नुसती संख्या त्या मानाने गौण होय.

याचा सर्वांत लख्ख दाखला ली ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दिला. पाठ केलेले वाक्य मनात घोळवीत त्यातील प्रत्येक शब्द नाम आहे की नाही हे सांगावयाचे, अथवा ठळक रोमन 'एफ' मनश्चक्षूंपुढे आणून त्याच्या कडेने फिरताना प्रत्येक कोपरा अगदी वरचा वा अगदी खालचा आहे काय हे सांगावयाचे, अशी दोन कामे त्याने नेमली. आणि 'होय' किंवा 'नाही' हे उत्तर कधी मुखाने, तर कधी कागदावर वेडीवाकडी मांडलेली चिन्हे बोटाने दाखवून मागितले. अक्षराच्या कामास मुखाने उत्तर देताना सुमारे ११ सेकंद पुरत, तेथे बोटाने दाखवताना सुमारे २८ लागत. वाक्याच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटला आणि बोटाने सुमारे १० सेकंदांत उरकणारे काम बोलून करण्यास सुमारे १४ सेकंद लागले. कारण उघड आहे : मनातले वाक्य आणि मुखातले उत्तर या दोघांचीही मागणी एकाच वाणीकडे असते.

मार्ग भिन्न असले, की निभाव लागतो. ऑलपोर्ट, अँटोनिस व रेनल्ड्स यांच्या १९७२ च्या प्रयोगात संगीताचे विद्यार्थी कानांवर पडणारे गद्य लगोलग उच्चारीत असतानाच अपरिचित स्वरलेखन पाहून पियानो वाजवू शकले. शॅफरने १९७५ मध्ये अभ्यासलेली निष्णात टंकलेखिका समोरचा मजकूर पाहून टंकन करताना दुसरेच ऐकलेले गद्य बोलत असे. पण ऐकलेले टंकित करावयाचे आणि पाहिलेले मोठ्याने वाचावयाचे, अशी अदलाबदल होताच तिचे कसब निष्प्रभ ठरले. भिन्न इंद्रियांना व भिन्न प्रतिसादांना अवधानाची निरनिराळी साधने लागतात, असे मानणाऱ्या विकेन्सच्या बहुसाधन सिद्धांताने अशा निष्कर्षांना पुढे सुसूत्र रूप दिले.

तथापि मार्ग निराळे केल्याने अवधानाचे दारिद्र्य सर्वस्वी फिटत नाही. स्ट्रेअर व जॉन्स्टन यांच्या २००१ च्या प्रयोगात, वाहन चालविण्याचा आभास देणारे काम हाताने व डोळ्याने होत असता, रेडिओ ऐकण्याने विशेष बाध आला नाही. दूरध्वनीवरील संभाषणाने मात्र लाल दिवे सुटून जाण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले, मग यंत्र हातात असो वा नसो. म्हणून हात मोकळे ठेवणाऱ्या दूरध्वनीला चालकांसाठी निर्धोक मानणे चुकीचे आहे.