मोजे, हातविणीचे
लोकरी वा सुती धाग्याने सुयांवर गोलाकार विणलेले पायांचे आवरण. ईजिप्तमध्ये चौथ्या-पाचव्या शतकांतील, चपलेसाठी अंगठा वेगळा ठेवलेले मोजे सापडले आहेत. मात्र ते एकाच सुईने गाठवलेले असून खऱ्या अर्थाने विणलेले नव्हेत. खऱ्या विणीचे मोजे तेथेच मध्ययुगात आढळतात. इंग्लंडमध्ये 1589 मध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र बनवले (पहा : विणकाम). हिमाचल प्रदेशातील लाहूलच्या नक्षीदार मोज्यांना भौगोलिक मानांकन आहे.

मोजा चवड्याच्या घेरापेक्षा सुमारे 10% अरुंद विणतात. ताणला गेल्यावरच तो पायाला चिकटून बसतो. चवड्याचा घेर 22 सेंमी. असल्यास वीण 20 सेंमी. धरतात, सेंमी.ला 3 टाके बसत असल्यास 60 टाके घालतात. सेंमी.ला किती टाके बसतात हे कळावे म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन मोजतात. काठ सुलट-उलट टाक्यांचा, लवचिक असतो. मोजा नीट बसण्याचा खरा प्रश्न टाचेचा : उंच पाऊलवाल्यांना टाचेची पट्टी व बाजूच्या कळ्या सोयीच्या, तर अर्ध्या ओळींची (ओळ पुरी न करता मध्येच वळून विणलेली) टाच सपाट पावलाला ठीक. बोटांकडून विणल्यास मोजा पायात घालून पाहता येतो. झीज कमी व्हावी म्हणून लोकरीत नायलॉन मिसळतात (पहा : लोकर).