रुळाखालची माती कुणी वाहिली?

आपल्या नगर, राहुरीवरून जाणारी दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली. तिच्या भरावाचं मातीकाम 1876-77 च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांनी केलं. अशा दुष्काळी कामांवर बायकाही मोठ्या संख्येने पाट्या वाहायच्या.

रेल्वेच्या कामातला धोका म्हटलं की सुरुंग नाहीतर दरड आठवते. इथे धोका होता भुकेचा. 1877 च्या सुरुवातीला सरकारने दुष्काळी मजुरी कापली. गड्याला दिवसाला 1 पौंड, म्हणजे साधारण 450 ग्रॅम धान्यापुरते पैसे आणि वर थोडी चिल्लर. बाईला त्याहून कमी. राबणाऱ्या अंगाला एवढं पुरत नाही, हे मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावलं होतं. उपाशी माणसाला पटकी, हगवण लवकर गाठते. कित्येक मजुरांनी कामं सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने बोलली.

म्हणजे कमी मजुरी हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात बाई-गड्याला सारखी मजुरी, पिण्याचं पाणी, लेकरांना सावली, प्रथमोपचार पेटी हे सगळं लिहिलं गेलं. बायांनो, कामावर गेलात की पाणी कुठंय, पेटी कुठंय, हे आधी विचारा. एकटीने नको, गटाने विचारा.