ऐकू न येणारी धोक्याची घंटा

दारावरची घंटा वाजली, पाळण्यातले मूल रडले, शेगडीवरच्या कुकरने शिट्टी दिली, की आपण हातातले काम टाकून उठतो. घरातल्या बहुतेक सूचना आपण कानाने घेतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी काय करावे? जागेपणी उत्तर सोपे आहे. घंटेच्या बटणाला दिवा जोडला की ध्वनीचे काम प्रकाश करतो. पण माणूस झोपलेला असताना घरात आग लागली तर? डोळे मिटलेले असतात आणि श्रवणयंत्र उशाशी काढून ठेवलेले असते. या प्रश्नाचा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्याने जाणून घ्यावा असा आहे, कारण त्यात एक साधी चूक बरीच वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही.

प्रारंभ स्वित्झर्लंडमध्ये झाला. १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर येगर हे पदार्थवैज्ञानिक विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवू पाहत होते. वायूचा यंत्रावर परिणाम होईना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली आणि यंत्रातला विद्युतप्रवाह घटला, अशी हकीकत सांगितली जाते. तत्त्व असे : किरणोत्सारी पदार्थामुळे हवेत आयन तयार होतात व सूक्ष्म प्रवाह वाहतो, धुराचे कण आयनांना चिकटले की तो प्रवाह कमी होतो. या तत्त्वावरची, लहान बॅटरीवर चालणारी धूरसूचक यंत्रे १९७० नंतर अमेरिकेतील घराघरांत पोचली.

धूर ओळखला, आता माणसाला उठवायचे कसे? यासाठी पिझोइलेक्ट्रिक चकती वापरली गेली. काही स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युतभार निर्माण होतो, हे पिअर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवले होते. उलट, अशा पदार्थाला बदलता विद्युतदाब दिला की तो कंप पावतो. लहान चकती सुमारे ३१०० हर्ट्झला थोड्या विजेत मोठा आवाज देते. निरोगी कानही या पट्ट्यात तीक्ष्ण असतो. अभियंत्यांच्या दृष्टीने ही निवड उत्तम होती.

चूक झाली ती इथेच. वय वाढते तसे आंतरकर्णातील केशपेशी निकामी होऊ लागतात, आणि प्रथम जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. म्हणजे ज्या वृद्धांना आगीतून बाहेर पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यांच्या कानाला जो स्वर सर्वांत आधी पारखा होतो, नेमका तोच आपण धोक्याच्या सूचनेसाठी निवडला होता.

ऑस्ट्रेलियातील डॉरथी ब्रुक आणि इयन टॉमस यांनी ही गोष्ट मोजून दाखवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सौम्य ते बऱ्यापैकी तीव्र श्रवणदोष असलेल्या व्यक्तींना गाढ झोपेतून उठवण्याचा प्रयत्न केला गेला. नेहमीच्या ३१०० हर्ट्झच्या आवाजाने ७५ डेसिबेलपर्यंत ५६ टक्के व्यक्ती जाग्या झाल्या; ५२० हर्ट्झच्या चौकोनी तरंगाने ९२ टक्के. गादी किंवा उशी हलवणाऱ्या कंपकांनी सुमारे ८० टक्क्यांना उठवले. सर्वांत धक्कादायक निकाल उघडझाप करणाऱ्या प्रखर दिव्यांचा होता : फक्त २७ टक्के. कर्णबधिरांसाठीचा हमखास उपाय म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते, तो झोपेत सर्वांत दुबळा ठरला.

चौकोनी तरंगाचे यश कशात आहे? त्यात ५२० हर्ट्झच्या मूळ स्वराबरोबर १५६०, २६०० असे विषम पटीतले उपस्वरही असतात. एक ऐकू आला नाही तरी दुसरा येतो. मात्र असा खालचा स्वर मोठ्याने काढायला मोठा ध्वनिवर्धक आणि अधिक वीज लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २०१० च्या नियमावलीत श्रवणदोष असलेल्यांच्या शयनगृहासाठी या स्वराचा समावेश झाला. ज्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी दिव्याच्या जोडीला कंपन आले.

जपानी संशोधकांनी नाकाचा मार्ग धरला. वसाबी या तिखट कंदातील अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हवेत फवारून झोपलेल्यांना उठवण्याच्या कामाबद्दल त्यांना २०११ साली इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. हसण्याआधी लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका आठवावा. तो याच रसायनाचा. नुसत्या वासाने गाढ झोप सहसा मोडत नाही, पण झणका वेदनेच्या मज्जातंतूंना डिवचतो.

२०२० पासून भ्रमणध्वनी संच घंटेचा, मुलाच्या रडण्याचा, धूरसूचकाचा आवाज ओळखून कंपनाने वा प्रकाशाने कळवू लागले. सोय मोठी आहे. पण आधी धूरसूचक वाजला पाहिजे, संच चालू पाहिजे आणि त्याच्या कंपनाने झोपलेला जागा झाला पाहिजे. संकटसमयी केवळ यावर विसंबू नये, असा इशारा उत्पादकच देतात.

हा विषय वर्गात हार्मोनियमवर शिकवता येईल. पांढरी एकचा मध्य 'सा' सुमारे २६१ हर्ट्झचा, तर तार 'सा' सुमारे ५२३ हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ या नव्या घंटेचाच. हार्मोनियमच्या स्वरात उपस्वर भरपूर असतात; बासरीवर तोच स्वर काढून फरक ऐकवावा. मग संगणकावर वा भ्रमणध्वनीवर ३१०० हर्ट्झचा स्वर निर्माण करून मुलांनी तो घरी आजी-आजोबांना हळू आवाजात ऐकवावा, पाठोपाठ तितक्याच आवाजात ५२० हर्ट्झचाही, आणि कोणता ऐकू आला ते विचारावे. यंत्र बनवणाऱ्या आम्हा मंडळींकडून हेच विचारायचे राहून गेले होते.